वीणा खाली ठेवायची नसते



आपल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहातला एक नियम तुम्हांला नव्यानं सांगायला नको. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही. मंडपात कीर्तन चालू असो, पंगत बसलेली असो, नाहीतर मध्यरात्री सगळं गाव झोपलेलं असो. एक माणूस गळ्यात वीणा घालून नाम घेत उभा असतो. त्याची वेळ संपली की दुसरा येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात. त्यात वयाचा हिशेब नसतो, सत्तरीचा म्हातारा विशीच्या पोराच्या पायाला हात लावतो. मग एका गळ्यातली वीणा दुसऱ्या गळ्यात जाते. ती क्षणभरही कुणाच्याच हाती नाही, असं होत नाही. याला आपण पहारा म्हणतो.

आज मला या पहाऱ्याबद्दलच लिहायचं आहे, पण मंडपातल्या नाही. लहान लेकरं घेऊन रेल्वेनं दोन दिवस आणि मधली एक रात्र प्रवास केला, त्यातल्या पहाऱ्याबद्दल. तुमच्यापैकी कुणाला कधी नातवंडं घेऊन लांब जायची वेळ येईल, तेव्हा यातलं काही उपयोगी पडलं तर पडेल.

आमचं लोहारा म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. इथं रेल्वे नाही. गाडी धरायची तर धाराशिव, लातूर नाहीतर सोलापूर गाठावं लागतं. तरी आमच्या भागाला रेल्वे परकी नाही. इंग्रजांच्या काळात बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीवरून १९०६ साली पंढरपूरला पोचली, आणि १९११ साली लातूरला. म्हणजे आपल्या पणज्या-आज्या लेकरं कडेवर घेऊन त्या झुकझुक गाडीनं विठोबाला गेल्या असतील. ती अरुंद लोहवाट आता राहिली नाही, मोठी लाईन झाली. पण लेकरू कडेवर घेऊन देवाला जायची रीत तीच आहे.

माझा मुलगा सैन्यात आहे. तीन वर्षांमागं त्याची बदली जालंधरला झाली आणि कुटुंबासाठी घर मिळालं. त्याआधी वर्षभर तो लेकराबाळांना भेटला नव्हता. थोरली नात सहा वर्षांची, धाकटा नातू नुकता दोन वर्षांचा. सूनबाईला दोन लेकरं आणि सामान घेऊन एकटीनं पंजाबात जाणं अवघड. घरची मंडळी गुडघ्यांनी अधू, शिवाय गुरंढोरं सोडून तिला निघता येईना. राहिलो मी. तिकिटं मिळाली ती वैशाखातली, आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडचा सप्ताह.

त्या सप्ताहात पहाटे दोन ते चार हा पहारा माझा. एकोणीस वर्षं तो चुकला नव्हता. ही वेळ कुणी मागून घेत नाही, माउली. झोप पापणीवर बसलेली असते, मंडपात कुत्र्याशिवाय कुणी जागं नसतं. पण जो त्या वेळेला उभा राहिला, त्याला त्या वेळेची गोडी लागते. मी जाणार असं कळलं तेव्हा पारावर एक जुने स्नेही सरळच म्हणाले, "नातवंडांच्या मोहापायी नेम मोडलात होय?" मी काही बोललो नाही. शेजारच्या एका कॉलेजात जाणाऱ्या पोराला बोलावलं आणि म्हणालो, "या वर्षी दोन ते चार तू उभा राहा." तो घाबरला. चाल येत नाही, झोप लागेल, वीणा पडेल, अशी सगळी कारणं सांगून झाली. शेवटी तयार झाला. स्नेह्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मनात तसंच राहिलं, आणि ते मला गाडीत मिळालं.

आम्ही जीपनं लातूर आणि तिथून एसटीनं नांदेडला गेलो. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस जाते. नांदेडला गुरू गोविंदसिंग महाराजांनी १७०८ साली देह ठेवला. त्यांचं ते स्थान म्हणजे तख्त सचखंड हुजूर साहिब, आणि त्यावरूनच गाडीचं नाव. सुमारे २००० किलोमीटरची वाट. सकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळ कलता कलता पंजाब.

आधी थोडं तिकिटाचं सांगतो, कारण पुष्कळांचा तिथंच घोटाळा होतो. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळा बर्थही मिळत नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांच्या आतल्या लेकराला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण. २०१६ पासून हा नियम आहे. लांबच्या वाटेला पैसे वाचवायला अर्धं तिकीट काढाल तर रात्री एका बर्थवर तीन जीव होतात, आणि कुणालाच झोप लागत नाही. आम्ही थोरलीचा बर्थ पूर्ण पैसे देऊन घेतला. त्या एका बर्थनं पुढं रात्र निभावली.

शिदोरी आपली नेहमीची. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. धाकट्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, लाह्या, केळी, आणि तांदूळ-मुगाची भाजून दळलेली भरड. गरम पाणी मिळालं की वाटीत कालवली, झालं. घरचं दूध उन्हाळ्यात नासतं, ते बरोबर घेऊ नये. जलसंजीवनीच्या चार पुड्या सूनबाईनं आठवणीनं घेतल्या. दोन्ही लेकरांच्या अंगरख्याला आतून चिंधी शिवली आणि तिच्यावर पक्क्या शाईनं आमचे फोन नंबर लिहिले. वारीत आपण लेकरांच्या गळ्यात चिठ्ठी अडकवतो, त्यातलाच प्रकार.

गाडी सुटली तसं धाकट्यानं आपलं खरं रूप दाखवलं. घरी अंगणात धावणारं लेकरू, त्याला बाकावर बसवून किती वेळ बसेल? खिडकी, वरचा बर्थ, चहावाल्याची किटली, शेजाऱ्याची काठी, सगळं त्याला हवं. सूनबाई त्याच्यामागं फिरून पहिल्या दोन तासांतच दमली. आणि मी काय करत होतो म्हणाल, तर आपण पुरुषमाणसं प्रवासात जे करतो तेच. खिडकीशी बसून "बाळ, पडशील हं," असं म्हणत होतो.

परभणी मागं पडली तेव्हा माझं मलाच हसू आलं. इकडं एक माणूस एकटा सगळा सप्ताह वीणा धरून उभा आहे, आणि बाकीचे बसून म्हणताहेत, "सांभाळ हं, खाली टेकवू नकोस!" असा सप्ताह कुणी केलाय का कुठं?

मी सूनबाईला म्हटलं, "पहारा लावू. दोन तास तुमचे, दोन तास माझे."

ती म्हणाली, "मामा, तुम्हांला जमायचं नाही. त्याची शी-शू काढावी लागंल."

म्हटलं, "बैलाचा गोठा पन्नास वर्षं काढतोय. हे तर देवाचं लेकरू."

थोरलीला चोपदार केलं. तिचं काम दोनच: प्रत्येक मोठ्या स्टेशनानंतर डाग मोजायचे, आणि पहारा बदलताना हजर राहायचं. नियम एकच ठेवला. लेकरू देताना तोंडानं म्हणायचं, "घ्या." घेणाऱ्यानं म्हणायचं, "घेतलं." हे दोन शब्द झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. नुसतं बघून, मान हलवून चालणार नाही.

सप्ताह पोरीनंही पाहिलेला. पहिल्या पालटाला तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "आबा, पाया कोण पडणार?"

सूनबाई गोरीमोरी झाली. सासऱ्यानं सुनेच्या पायाला हात लावायचा, तोही भरल्या डब्यात! पण माउली, मंडपात आपण काय करतो? समोरचा कोण, हे बघतो का? वीणा त्याच्या गळ्यात आहे एवढंच बघतो. मी वाकलो. ती घाईनं वाकली. समोरच्या बाकावरच्या सरदार आजीबाईंनी हे बघून हात जोडले. धाकट्याला वाटलं हा काही खेळ आहे, तोही कडेवरून मान वाकवून हसला.

त्या दिवशी एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली. सहा वर्षं ही मुलगी माझ्या घरात दिवसरात्र पहाऱ्यावर होती, आणि तिच्या पहाऱ्याला पालट नव्हता.

लेकरांना वाट कंटाळवाणी होऊ नये म्हणून एक युक्ती सांगतो, ती आपल्या संप्रदायातच आहे. आपण पालखीच्या वाटेवर मुक्काम मोजतो, मैल मोजत नाही. आळंदी ते पंढरपूर किती लांब, असं विचारलं तर पाय गळतात. आज फक्त पुढचा विसावा, असं म्हटलं की पाय चालतात. मी थोरलीला तसेच मुक्काम लावून दिले. पूर्णेपासून हिंगोलीकडं वाट जाते, तिकडं नरसी नामदेव, नामदेवरायांचं गाव. परभणी जिल्ह्यात गंगाखेड, तिथं जनाबाई. छत्रपती संभाजीनगर आलं की पैठण जवळ, म्हणजे नाथांचं गाव. आणि पैठणजवळच आपेगाव, ज्ञानोबांच्या घराण्याचं मूळ गाव. भुसावळ आलं की मुक्ताईनगर जवळ. प्रत्येक ठिकाणी खिडकीतून हात जोडायचे आणि त्या संतांची एक गोष्ट ऐकायची. भुसावळ सोडल्यावर तापीचा पूल लागला, तेव्हा पोरीनं मुक्ताईला हात जोडले आणि विचारलं, "मुक्ताईला तिचे भाऊ सांभाळायचे का?" म्हटलं, "ती सगळ्यांत धाकटी. पण ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले, तेव्हा समजूत तिनंच घातली." ती गप्प झाली, आणि थोड्या वेळानं आपल्या भावाला जवळ घेऊन बसली.

या गाडीची एक गोष्ट सगळीकडं ठाऊक आहे. वाटेत काही स्थानकांवर शीख मंडळी लंगर घेऊन उभी असतात. कढी, भात, डाळ, भाजी. गाडी थांबली की प्रवासी आपापली ताटं-वाट्या पुढं करतात. तिकीट कुठल्या वर्गाचं, माणूस कुठल्या धर्माचा, कुणी विचारत नाही. संभाजीनगरला आमच्याही ताटात भात पडला. आपल्या दिंडीतल्या पंगतीचंच हे चालतं रूप. पण धाकट्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ताट पुढं केलं की तोंड फिरवी.

तेव्हा मला बाळ नामदेव आठवले. वडील दामाशेटी परगावी गेले, गोणाईनं नैवेद्याचं ताट पोराच्या हाती दिलं, आणि पोर विठोबापुढं हट्ट धरून बसलं की जेव. देव जेवेना तर डोकं आपटून घेईन म्हणालं. ही कथा आपण कीर्तनात शंभरदा ऐकतो आणि पोराच्या भोळ्या भावाचं कौतुक करतो. त्या दिवशी मला ती उलटी दिसली. इथं ताट घेऊन बसलेला भक्त मी, आणि तोंड फिरवून बसलेला देव समोर. म्हणून हट्ट केला नाही. ताट बाजूला ठेवलं आणि स्वतः जेवायला लागलो. दोन घासांनंतर देवानं माझ्याच ताटात हात घातला.

पहाऱ्याचा नियम का लागतो, ते दुपारनंतर दिसलं. एका स्टेशनावरून गाडी सुटली आणि पलीकडच्या खणात रडारड सुरू झाली. मोठं कुटुंब होतं, सात-आठ माणसं. तीनेक वर्षांचं लेकरू दिसेना. आईला वाटलं आत्याकडं आहे, आत्याला वाटलं आजोबांकडं, आजोबांना वाटलं आईकडं. माणसं होती म्हणूनच लेकरू हरवलं, बघा. एकटी आई असती तर तिनं हात सोडला नसता. सगळा डबा उठला. कुणी संडासाकडं धावलं, कुणी दाराकडं. कुणी साखळी ओढायला निघालं, तेवढ्यात शेजारच्या डब्यातून निरोप आला. लेकरू तिथं एका बाईच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होतं. पाच-सात मिनिटांचा खेळ, पण त्या आईच्या चेहऱ्यावरचा रंग परत यायला पुढं कितीतरी वेळ लागला.

त्या घरात प्रेम कमी होतं असं नाही. पण "घ्या" आणि "घेतलं" हे दोन शब्द नव्हते. वीणा सगळ्यांची होती, म्हणून त्या घटकेला कुणाच्याच गळ्यात नव्हती.

संध्याकाळी हरिपाठाची वेळ झाली. टाळ पिशवीतच ठेवले, डब्यात लोक आपापल्या उद्योगात. लेकरू मांडीवर घेऊन हलक्या आवाजात हरिपाठ म्हटला. धाकटा मधेच माळ ओढी, मधेच तोंडावर हात ठेवी. एकदा वाटलं, कसला हा हरिपाठ! मग वाटलं, पांडुरंगानं संतांच्या घरी दळण-कांडण केलं, पाणी भरलं असं आपण सांगतो. त्याला कामाचा आवाज चालतो, तर लेकराचा का चालणार नाही?

रात्री सूनबाईनं खालच्या बर्थच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं, धाकट्याला निजवलं. काही जण वरच्या बर्थला लुगड्याची झोळी बांधतात. बांधायची तर इतकी खाली बांधावी की गाठ सुटली तरी लेकरू वीतभरच खाली यावं, आणि जवळ माणूस जागं हवं. थोरली मधल्या बर्थवर. मी खाली पायाशी बसलेलो.

रात्री अकराच्या सुमारास लेकराला जुलाब सुरू झाले. वैशाखातलं ऊन दिवसभर अंगावर घेतलेलं, त्यात वरचे दात येत होते. तासाभरात तीनदा. सूनबाईचा धीर सुटला. बाहेर अंधार, मध्य प्रदेशातलं कुठलंसं रान, ओळखीचं माणूस नाही. खरं सांगतो, माझ्याही पोटात खड्डा पडला. लोहाऱ्यात निदान डॉक्टरचं दार वाजवता येतं.

समोरच्या सरदार आजीबाईंची लेक लुधियान्याला नर्स होती. ती उठली. तिनं लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, जीभ बघितली, डोळे बघितले. मोडक्या मराठीत आणि हिंदीत मिळून सांगितलं की घाबरू नका. जलसंजीवनीची एक पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला, अर्धी पुडी अंदाजानं घालू नका. चमच्या-चमच्यानं देत राहा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्या. आणि लक्ष कशावर ठेवायचं, तेही तिनं सांगितलं: लेकरू मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शीत रक्त दिसलं, तर वेळ घालवू नका. १३९ हा रेल्वेचा नंबर लावा, पुढच्या मोठ्या स्टेशनावर डॉक्टर मागवता येतो. हा नंबर तुम्हीही लिहून ठेवा, माउली.

मग तिनं विचारलं, "आजोबा, दुपारपासून तुमचं ते 'घ्या-घेतलं' चाललंय ना? मला एक पहारा द्या."

आणि तिनं घेतला. बारा ते दोन ती बसली, दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा. तिच्या आजीबाई जागून जपजी म्हणत होत्या की आणखी काही, मला भाषा कळली नाही, पण लय कळली. सूनबाई त्या दोन तासांत अशी झोपली, की मी तिला इतकं गाढ झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोनला ती नर्स मुलगी उठली. तिनं लेकरू माझ्या मांडीवर दिलं, म्हणाली, "घ्या." मी म्हटलं, "घेतलं." आणि तिनं माझ्या पायाला आणि मी तिच्या पायाला हात लावला.

मी घड्याळात पाहिलं. दोन वाजले होते. दोन ते चार.

आमच्या मंडपात त्याच घटकेला तो कॉलेजातला पोरगा वीणा गळ्यात घालून उभा राहिला असणार, घाबरत घाबरत. आणि इथं मी चमचा घेऊन बसलो होतो. ओठांवर नाम तेच. हात तसेच जपून. झोप तशीच पापणीवर. स्नेह्यांनी पारावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन तासांत मिळालं. नेम मोडतो तो वीणा खाली टेकवल्यावर. मी ती टेकवली नव्हती. एक वीणा दुसऱ्याच्या हाती दिली होती, आणि दुसरी कुणाच्या तरी हातून घेतली होती.

चारला लेकराला शांत झोप लागली. झाशी मागं पडली तेव्हा उजाडलं होतं. लघवी झाली. सूनबाईनं ओलं दुपटं हातात घेऊन ते असं मला दाखवलं, जणू बुक्का-प्रसाद आलाय. दिल्लीला दुपारी त्यानं भरडीची अर्धी वाटी खाल्ली.

जालंधरला मुलगा फलाटावर उभा होता. त्यानं दोन्ही हात पुढं केले. धाकट्यानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागला. लेकराचं काय चुकलं? वर्षभरापूर्वी पाहिलेला बाप, त्याला कुठून आठवणार? पण माउली, सीमेवर राहून आलेल्या त्या माणसाचे पुढं केलेले हात तसेच रिकामे खाली आले, ते बघणं सोपं नव्हतं. त्यानं हट्ट केला नाही. सामान उचललं आणि शेजारून चालू लागला.

तीन दिवस तो तसाच वागला. लेकरू खेळतं तिथं हाताच्या अंतरावर जाऊन बसायचा, बोलवायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो कामावर निघाला, तेव्हा धाकट्यानं त्याचा जड बूट दोन्ही हातांनी ओढत आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. तो खाली बसला. लेकरू त्याच्या गुडघ्यावर चढलं. आमचा चोपदार दारात उभाच होता. "आबा, 'घ्या' म्हणा ना!" मी म्हटलं, "घ्या." त्याला कुठं ठाऊक आमचा नियम? पोरीनंच सांगितलं काय म्हणायचं ते. "घेतलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जड झाला.

परत निघण्याआधी आम्ही सगळे घुमानला जाऊन आलो. गुरुदासपूर जिल्ह्यातलं हे गाव. नामदेवराय महाराष्ट्रातून निघून उत्तरेत आले आणि इथं राहिले, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं होतं, आणि त्याचे अध्यक्ष होते देहूचे डॉ. सदानंद मोरे. नामदेवरायांना तिथं 'बाबा नामदेव' म्हणतात. गुरुद्वाऱ्यात आमच्या गळ्यातल्या तुळशीमाळा बघून लोकांनी विचारलं, "कुठून आलात?" लोहारा कुठं, ते त्यांना काय माहीत! "पंढरपूरकडचे," असं म्हटल्यावर मात्र एका म्हाताऱ्यानं दोन्ही लेकरांच्या हातावर कढा प्रसाद ठेवला आणि सूनबाईला म्हणाला, "इतकी छोटी लेकरं घेऊन इतक्या लांब आलात!"

मी विचार करत राहिलो. सातशे वर्षांमागं आगगाडी नव्हती, रस्ता नव्हता. नामदेवराय इतक्या लांब पोचले ते एकट्याच्या पायांवर नाही. वाटेत कुणी भाकरी दिली असेल, कुणी आडोसा, कुणी तापात कपाळावर हात ठेवला असेल. संत असा हातोहात गेला. नाव मात्र एकाचंच राहिलं.

घरी आल्यावर कळलं, तो कॉलेजातला पोरगा सातही रात्री उभा राहिला होता. आता दोन ते चार हा पहारा त्याचाच आहे. मी मागितला नाही, त्यानंही सोडला नाही. मी चार ते सहा उभा राहतो. दोघांमध्ये रोज एक पालट होतो, आणि आम्ही एकमेकांच्या पाया पडतो.

लेकरं लहान असताना लांब नेऊ नयेत, तीर्थाला तर नकोच, असं पुष्कळजण म्हणतात. लेकरं मोठी झाली की जाऊ, म्हणजे निवांत दर्शन होईल. त्यांचंही खोटं नाही. लेकरू आजारी असेल, ऊन कडक असेल, बरोबर माणूस नसेल, तर घरी राहण्यात कमीपणा नाही. विठोबा कुठं पळून चाललाय? पण बरोबर माणसं असूनही एकाच बाईच्या गळ्यात चोवीस तास वीणा अडकवून आपण "लेकरं त्रास देतात" म्हणत असू, तर तो त्रास लेकरांचा नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. या आषाढीला तुम्ही एसटीत बसाल, रेल्वेत बसाल, दिंडीत चालाल. शेजारी एखादी माय कडेवर लेकरू घेऊन घामाघूम झालेली दिसेल. तिला "सांभाळ हं बाई" म्हणू नका. तिच्या घरच्या माणसांसमोर, तिची मर्जी बघून, हात पुढं करा आणि तिच्या नजरेसमोरच बसून एक तासाचा पहारा मागून घ्या. ती "घ्या" म्हणाली, तर मोठ्यानं "घेतलं" म्हणा. आणि परत देताना आधी तिच्या पायाला हात लावा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!